परसदारानं आलेला मामा

लग्नाच्या दिवशी सकाळी मच्छिंद्र आला तो परसदारानं आला, आणि भागिरथीला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली. पण सख्खा भाऊ मागल्या दारानं येतोय हे पाहून तिला आधी हायसं वाटलं, हे ती पुढं जन्मभर विसरली नाही.

ती चुलाणापाशी तांदूळ निवडणाऱ्या बायकांवर ओरडत होती. दुष्काळाचं साल. गोदावरीचं पात्र कोरडं ठणठणीत, सारं पुणतांबं वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होतं. असल्या सालात लग्न काढलं म्हणून गावानं नावं ठेवली होती. पण स्थळ राहात्याचं, मुलगा ओव्हरसियर, आणि असलं स्थळ पाऊस पडायची वाट बघत बसत नसतं.

"आक्का," मच्छिंद्र म्हणाला.

त्यानं परसातल्या धुण्याच्या दगडापाशी चपला काढल्या होत्या. हातात कॅनव्हासची पिशवी, अंगात साधा पांढरा सदरा. तोंड उन्हानं रापून काळं पडलेलं, उजवा हात तसाच. डावा हात मात्र मनगटापर्यंत पांढरा फट्ट. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि दंडाला धरून त्याला कोठीच्या खोलीत ओढलं.

"तू तर जपानला जानार हुतास!"

"गेल्तो. आलो की परवा. इमलीचं लगीन, न येऊन कसं चालंल?" तो हसला. "गोरक्ष भेटला गाडीत. त्यो पुढल्या दारानं आलाय, त्याच्या गळ्यात हार घालत्यात."

गोरक्ष हा त्यांचा चुलतभाऊ. त्याच्या गळ्यात हार का पडत होता, हे भागिरथीला चांगलं ठाऊक होतं. नवरीचा मामा म्हणून आज तोच उभा राहणार होता.

आता मच्छिंद्राची नोकरी सांगितली पाहिजे, म्हणजे भागिरथीनं सासरी सांगितलेली. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा कुणीतरी विचारलं, भाऊ काय करतो? ती म्हणाली, कॅम्पात असतो. हे खरंच होतं. भिंगारला कॅम्पाच्या गोल्फच्या मैदानावर तो साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायचा. बाप गेल्यावर घर त्या पिशवीवर चाललं होतं, भागिरथीच्या अंगाला हळदही त्या पिशवीवरच लागली होती. पण कॅम्पात म्हणजे मिलिटरीत, असं सासरच्यांनी धरलं आणि तिनं ते मोडलं नाही. पुढं सासूला बरं वाटावं म्हणून तिनं त्याला हवालदार केलं. लेकीच्या, विमलच्या सुपारीच्या बैठकीत तर, घरात खरं कळून चुकलेलं असूनही, तिच्या थोरल्या दिरांनी, आप्पासाहेबांनी, मिशीवर हात फिरवत त्याला सुभेदार करून टाकलं. बिचाऱ्यानं एक गोळी न झाडता एवढ्या बढत्या मिळवल्या.

खरा मच्छिंद्र तोवर कुठल्या कुठं गेला होता. साहेब उठायच्या आत, पहाटे, बाभळीच्या काठीनं तो चेंडू मारायला शिकला. नगरच्या त्या मैदानावर गवत कुठलं? खळग्याभोवती तेल ओतून वाळू दाबून बसवायची आणि तिच्यावरून चेंडू हलक्या हातानं घरंगळवायचा. त्या वाळूवर त्याचा हात असा बसला की पुढं त्यानं पुण्याचे साहेब हरवले, मग कलकत्त्याचे. बक्षिसावर खेळणारा पेशाचा खेळाडू झाला. सिंगापूर, हाँगकाँग, जपान, विलायत. ज्या मैदानांवर गोऱ्या माणसाखेरीज कुणी काठी धरलेली लोकांनी पाहिली नव्हती, तिथं हा भिंगारचा पोरगा उभा राहून आला. एकदा पेपरात त्याचा फोटो छापून आला, हातात कप. कुणीतरी तो कागद भागिरथीला आणून दिला. तिनं तो चुलीत घातला, कारण फोटोत भाऊ सुभेदार दिसत नव्हता.

मोठा बाप्या काठीनं चेंडू हाणतो आणि त्यावर त्याचं पोट भरतं, हे पुणतांब्यात शपथ घेऊन सांगितलं तरी पटलं नसतं. तो लोकांच्या पिशव्या वाहत होता, हे मात्र लगेच पटलं असतं.

कोठीच्या खोलीत मग घरचीच बैठक भरली. आप्पासाहेब पोत्यावर टेकले. भागिरथीचा नवरा सूर्यभान नेहमीप्रमाणं दाराच्या चौकटीत, ना आत ना बाहेर. गोरक्ष गळ्यातला हार काढायला विसरला होता. थोरली जाऊ गोजरबाई हळदीचं ताट घेऊन उगाच मधे उभी.

"पाव्हणं, राग मानू नका," आप्पासाहेब म्हणाले. "सुभेदारांना रजा मिळाली न्हाई असं आमी इवायांना सांगून बसलोय. चुलतमामा उभा राहतोय म्हनलं. आता ऐन टायमाला तुमी सुभेदार म्हनून पुढं आलात, आन त्यांच्यातल्या कुनी विचारलं, कंची पलटन? काय सांगाल?"

"काय न्हाई सांगनार," मच्छिंद्र म्हणाला. "मी पोरीला बघाया आलोय. हितं आतच बसतो की."

"बघा, केवढा समजूतदार मानूस," गोरक्ष म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. मामाच्या मानाचा फेटा त्यानं आधीच डोक्याला लावून पाहिला होता.

"तरी पन दादा," सूर्यभान चौकटीतून म्हणाला, "सख्खा मामा घरात असताना..."

आप्पासाहेबांनी नुसतं पाहिलं. सूर्यभान गप्प झाला. तो लहानपणापासून असाच गप्प होत आला होता.

तेवढ्यात गोजरबाई बोलली. "तुमाला लाज तरी नेमकी कशाची वाटती म्हनते मी? खेळाची का पिशवीची?"

सगळे चकित झाले. गोजरबाईनं आजवर भागिरथीच्या माहेरची बाजू कधी घेतली नव्हती, उलट उणंदुणं काढायची एक संधी सोडली नव्हती. खरं तर हीच वेळ होती. भागिरथीनं जावेच्या शब्दाला आपला शब्द जोडला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती.

"जाऊबाई, तुमी चुलीकडं बघा," भागिरथी म्हणाली. "भात लागंल."

गोजरबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की भागिरथीनं मान खाली घातली. मच्छिंद्र तांदळाच्या पोत्याला टेकून बसला होता आणि पायातला काटा काढत होता.

ऊन चढलं तशी वऱ्हाडाचा ट्रक वाजत गाजत आला. दारात सगळं गाव. राहात्याचे रंभाजीराव, नवरदेवाचे वडील, आधी उतरले. माणूस आडदांड, आवाज भोंग्यासारखा, मनात येईल ते तोंडातून बाहेर. भागिरथी ओवाळणीचं तबक घेऊन पुढं झाली. तेवढ्यात ट्रकमधून नवरीच्या साड्या-दागिन्यांची लोखंडी पेटी उतरवणाऱ्या गड्याचा पाय घसरला. पेटी कलंडली, बायका किंचाळल्या.

बोळातून कुणीतरी धावत आलं आणि पेटी खाली पडायच्या आत खांद्यावर घेतली. मच्छिंद्र होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जड वस्तू पडायला लागली की तिच्याखाली खांदा घालायचा, ही त्याची पोरपणापासूनची सवय. डाव्या हातानं त्यानं पेटीची कडी धरली होती आणि तो हात रंभाजीरावांच्या अगदी नाकासमोर आला.

"अरं तिच्या," रंभाजीराव म्हणाले. "ह्याच्या हाताला कोड हाय की!"

वाजंत्री थांबली नव्हती, पण भागिरथीला ती ऐकू येईना. कोड! लग्नाच्या दारात हा शब्द निघाला की पिढ्या मोजल्या जातात. मुलीच्या आजोळी कोड, म्हणजे उद्या मुलीच्या अंगावर, परवा तिच्या लेकरांच्या.

"कोन हा?" रंभाजीरावांनी आवाज उतरवला, म्हणजे निम्म्या गावाला ऐकू जाईल एवढाच ठेवला. "इहीनबाई, तुमच्यातला हाय का?"

तो हात का पांढरा, हे तिला ठाऊक होतं. खेळताना त्या एका हातात तो कातड्याचा मोजा घालतो, उन्हात दिवसच्या दिवस उभा राहतो, म्हणून उजवा करपला आणि डावा तसाच राहिला. पण मोजा सांगायचा तर खेळ सांगावा लागतो, खेळ सांगायचा तर पिशवी सांगावी लागते, आणि मग सुभेदार कुठं गेला? तिनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. ते ट्रकचं चाक बघत होते.

"न्हाई," भागिरथी म्हणाली. "आमच्यातला न्हाई. सामान वाहाया लावलाय."

पेटीखाली मच्छिंद्राचं तोंड दिसत नव्हतं. त्यानं पेटी जरा सावरली आणि आप्पासाहेबांना विचारलं, "जानवसा कुठं दिलाय, मालक?"

"शाळंत," आप्पासाहेब म्हणाले. तेवढा एकच शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"वाढपाला मातुर ह्याला हात लावू देऊ नका," रंभाजीराव म्हणाले, आणि ओवाळून घ्यायला कपाळ पुढं केलं. तबकातली वात दोनदा विझली.

दिवसभर मच्छिंद्र कुठं दिसला नाही. हळद झाली, रुखवत मांडलं. भागिरथीचे हात काम करत होते. गोजरबाईनं एकदा जाता जाता विचारलं, "जेवला का गं त्यो?" भागिरथीला सांगता आलं नाही. वाढपाजवळ येऊ नको म्हटलेला माणूस कुठं जेवणार!

ऊन उतरलं. गोरज मुहूर्त जवळ आला. विमल अंतरपाटाची वाट बघत नटून बसली होती, डोक्याला बाशिंग, डोळ्यांत काजळ.

"आई," ती म्हणाली, "मामानं सकाळी पेटी आनली ना, तवा मी खिडकीत हुते."

भागिरथीचा हात तिच्या पदरावर थांबला.

"मी ऐकलं," विमल म्हणाली. एवढंच. पोर शहाणी होती. आईच्या डोळ्यांकडं मात्र तिनं पाहिलं नाही.

बाहेर स्पीकरवाला बन्सी भोंग्यातून ओरडू लागला, "नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात घेऊन यावं! नवरीचे मामा, कुठं असतील तिथून यावं!"

गोरक्ष फेटा सावरत दाराशी आला. "चल इमल."

"थांब," भागिरथी म्हणाली आणि परसदारानं बाहेर पडली. पायात काही घालायचं भान तिला राहिलं नाही.

तो नदीत होता. एका झिऱ्याच्या कडेला बसून तळव्यानं वाळू सपाट करत होता, अगदी सावकाश, पोरपणी मैदानावर करायचा तशी. तापलेल्या वाळूनं तिचे पाय पोळले होते.

"मच्छ्या, ऊठ. नवरीचा मामा पुकारत्यात."

"गोरक्ष हाय की."

"गोरक्ष न्हाई. तू."

"आता कशाला आक्का? लागू दे की लगीन नीट." त्याचा आवाज साधा होता. "मी काय नाराज न्हाई. खरं सांगू? परदेशात पयल्यांदा माझी पिशवी उचलाया मानूस दिला ना, तवा मलाच लाज वाटली. मी त्याच्या हातातनं काढून घ्याया लागलो. त्यो बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याचं काय चुकलं. पिशवी माझ्या खांद्यावरच बरी दिसती."

"असं बोलू नगंस."

"मी तर मानाचे कपडेबी आनले न्हाईत."

तिनं विचारलं, "म्हंजे तुला ठाऊक हुतं?"

"गोरक्षानं गाडीत सांगितलं. पन त्याच्या आदीच वाटलं हुतं," तो म्हणाला. "घरनं निघतानाच साधा सदरा घेतला."

भागिरथी मटकन वाळूत बसली. हा माणूस जपानहून आला, भिंगारला गेला, पेटी उघडली आणि बहिणीच्या घरी आपली जागा काय असेल ते ओळखून त्यातला साधा सदरा निवडून घेतला. आणि तरी आला. तिला रडूही येईना. रडायचा तरी काय हक्क होता?

"माझं लगीन कशावर झालं ते मी इसरले न्हाई," ती म्हणाली. "तू उठला न्हाईस तर मीबी हितंच बसते. लागू दे तिकडं लगीन मामाबिगर आन आईबिगर."

भोंगा पुन्हा ओरडला. मच्छिंद्रानं तिच्या पायांकडं पाहिलं, मग हात देऊन तिला उठवलं. पांढऱ्या हातानं.

मांडवात ती पुढून शिरली. बायकांतून नव्हे, पुरुषांच्या मधून, भावाचा हात धरून. सगळ्यांच्या माना वळल्या.

"इवाई," भागिरथी म्हणाली. "सकाळी मी खोटं बोलले. हा माझा सख्खा भाऊ. नवरीचा मामा हाच."

"भागिरथे, आत जा," आप्पासाहेब म्हणाले.

"बोलू द्या तिला, दादा." हे सूर्यभान बोलला. बोलल्यावर त्यालाच दचकल्यासारखं झालं, पण तो मागं हटला नाही, बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ह्यो सुभेदार न्हाई," ती म्हणाली. "साहेबांच्या पिशव्या उचलायचा, त्यावर माझं लगीन झालं. आता त्याच साहेबांबर खेळतो, देशोदेशी जाऊन. हाताला कोड न्हाई. खेळताना मोजा घालतो म्हनून ऊन लागत न्हाई. मला ह्याची लाज वाटली. का वाटली त्ये आता मलाबी सांगता येत न्हाई."

रंभाजीराव उठले. लग्न मोडलं असं सगळ्यांना वाटलं. ते मच्छिंद्रापाशी आले, त्याचा डावा हात उचलून उलटासुलटा पाहिला.

"मोजा? एकाच हातात?"

"व्हय."

"दुसऱ्यात का न्हाई?"

"एका हातानं काठी घट्ट पकडायची, दुसऱ्या उघड्या हाताला तिचं मन कळाया लागतं," मच्छिंद्र म्हणाला.

कुणीतरी हसलं. रंभाजीराव हसले नाहीत. ते भागिरथीकडं वळले आणि त्यांचा भोंग्यासारखा आवाज पहिल्यांदाच बसला. "इहीनबाई, खेळातलं मला काय कळत न्हाई. खरं सांगितलं असतं तर आमी एक दिस हसलो असतो आन सोडून दिलं असतं. पन नवरीच्या मामाच्या खांद्यावर आमी आमची पेटी दिली! वाढपाला शिवू नको म्हनलं! हे पाप तुमी माझ्या हातनं करवलंत."

तिनं हात जोडले.

"इवाई," मच्छिंद्र म्हणाला, "मुहूर्त टळतोय. रागवाया उद्या लई येळ हाय."

गोरक्षानं न सांगता फेटा उतरवला आणि मच्छिंद्राच्या डोक्यावर ठेवला. जरा रागानंच ठेवला, तो कानावर आला. तसाच तो फेटा घालून, मळक्या सदऱ्यात, वाळूच्या पायांनी मच्छिंद्र भाचीला घेऊन आला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. विमल वाकून मामाच्या पाया पडली, मग आईच्या.

पंगत बसली तेव्हा रंभाजीराव पानावरचा हात मागं घेऊन बसून राहिले. "मामांनी वाढल्याबिगर आमी घास घेनार न्हाई," ते म्हणाले. सारं वऱ्हाड थांबलं. मच्छिंद्रानं बुंदीचं ताट घेतलं आणि डाव्या हातानं ते धरून उजव्या हातानं वाढू लागला. "त्या हातानं वाढा," रंभाजीराव म्हणाले. डाव्या हातानं कुणी वाढत नसतं. पण त्यांनी वाढून घेतलं आणि कपाळाला लावून खाल्लं.

परक्या माणसानं एका पंगतीत आपली चूक धुऊन टाकली. भागिरथी खांबाआडून बघत होती आणि तिला त्याचा हेवा वाटला. आपली कशानं धुतली जाईल हे तिला कळत नव्हतं.

वरात निघून गेल्यावर ती भावाजवळ बसली. "माझा राग आला असंल तुला. शिव्या दे. चार लोकांत दे."

"न्हाई गं आक्का," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या तोंडावर राग नव्हता. तिची समजूत घालायला म्हणून तो सांगू लागला, "आमाला सवय झाली. अजूनबी मोठमोठ्या क्लबात आमाला म्होरनं घेत न्हाईत. कप जिंकला तरी जेवायला मागं. मंग मी काय करतो, नव्या जागी गेलो की आदी मागलं दार कुठं हाय ते बघून ठेवतो. तिकडनंच गेलं की मनाला लागत न्हाई काय."

तो सहज बोलून गेला आणि अंथरुणावर आडवा झाला. भागिरथी मात्र बसूनच राहिली. त्यानं रागवावं असं तिला किती वाटत होतं! पण राग आपल्या माणसाचा येतो. ज्या घरांचं मागलं दार आधी बघून ठेवायचं, त्या घरांत त्यानं तिचं घर कधीचं धरलं होतं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

पहाटे नगरकडची गाडी होती. भागिरथी अंधार सरायच्या आत उठली. घरात घोटभर पाणी उरलं होतं, त्यातलं अर्धं तिनं पुढल्या दारात शिंपडलं, रांगोळी घातली. सूर्यभानचा नवा फेटा काढला, नारळ घेतला, दह्याची वाटी घेतली, तबकात निरांजन लावलं. आप्पासाहेबांना उठवलं. तेही मुकाट्यानं येऊन उभे राहिले, पाहुण्याला निरोप द्यायला. सूर्यभान कंदील धरून उभा होता. मच्छिंद्राला ओवाळून, साऱ्या गल्लीदेखत, पुढल्या दारानं लावून द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

उजाडलं. निरांजनातलं तूप संपत आलं. लांब गाडीची शिटी झाली.

गोजरबाई परसातून शेणाची पाटी घेऊन आली आणि तिघांना दारात असं उभं बघून थांबली.

"कुनाची वाट बघताय?"

"मच्छिंद्राची," भागिरथी म्हणाली.

"अगं, त्यो गेला की मगाशीच," गोजरबाई म्हणाली. "परसातनं. चपला तिकडंच हुत्या ना त्याच्या."